शिक्षकांचे परदेशदौरे : हिशेब कोणता मांडावयाचा?

जानेवारी २०२३ मध्ये दिल्लीत एका फायलीवरून बरेच वादंग माजले. आपल्या प्राथमिक शिक्षकांची एक तुकडी प्रशिक्षणासाठी फिनलंडला धाडावी असा तेथील सरकारचा प्रस्ताव होता. नायब राज्यपालांनी तो परत पाठविताना दोन प्रश्न विचारले. या दौऱ्याचे खर्च-लाभ विश्लेषण केले आहे काय, आणि असेच प्रशिक्षण देशातल्या देशात मिळण्यासारखे नाही काय? झाले, मुख्यमंत्री आपल्या आमदारांसह मोर्चाने नायब राज्यपालांच्या निवासस्थानाकडे निघाले. एका बाजूच्या मते हा गरिबांच्या मुलांच्या शिक्षणावर घाला होता, तर दुसऱ्या बाजूच्या मते जनतेच्या पैशाची उधळपट्टी रोखण्याचा हा प्रयत्न होता. पुढे मार्चमध्ये मंजुरी आली, पण तोवर विषय शाळांचा उरला नव्हता. वीसएक वर्षे महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ‘खर्च-लाभ विश्लेषण’ हा शब्द मोर्चाच्या गर्दीत ऐकू यावा याचे थोडे कौतुकच वाटले. मात्र त्या गदारोळात मूळ प्रश्नाचे उत्तर कोणी दिल्याचे दिसले नाही. वस्तुतः प्रश्न चुकीचा नव्हता. तो गंभीरपणे विचारला गेला असता तर त्यातून पुष्कळ काही निघाले असते.

हा प्रश्न दिल्लीपुरता नाही. पंजाबने फेब्रुवारी २०२३ मध्ये छत्तीस प्राचार्य सिंगापूरला पाठविले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये बहात्तर प्राथमिक शिक्षक तीन आठवड्यांसाठी फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात धाडले. आपल्याकडेही गुणी शिक्षकांना परदेशी शाळा दाखवून आणाव्यात ही कल्पना सभासमारंभांतून अधूनमधून बोलली जाते. पुणे जिल्हा परिषदेने २०२५ साली आयुका या संस्थेच्या साहाय्याने आपल्या शाळांतील पंचवीस मुले निवडून त्यांना अमेरिकेत ‘नासा’ दाखविण्याची योजना आखली. मुले जाऊ शकतात तर त्यांचे गुरुजी आणि बाई का नाहीत, असे कोणी विचारले तर त्यात वावगे काही नाही.

तेव्हा आधी खर्चाची बाजू पाहू. विमानभाडे, निवास, भत्ता ही रक्कम कोणताही कारकून अर्ध्या तासात काढून देईल. परंतु अर्थशास्त्रात ज्याला वैकल्पिक खर्च म्हणतात, म्हणजे एक गोष्ट केल्यामुळे जी दुसरी करता आली नाही तिचे मोल, ते त्या कागदावर येत नाही. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. त्यातला एक तीन आठवडे तुर्कूला गेला की भोर किंवा जुन्नर तालुक्यातील एखाद्या वाडीवर चारही इयत्ता दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. त्यातच निवडणुकीचे काम निघाले, तर शाळा त्या दिवशी नावालाच भरते. दौऱ्याची फाईल तयार करणाऱ्याने बदली शिक्षकाची सोय केली आहे किंवा नाही, एवढी एकच गोष्ट पाहिली तरी त्या दौऱ्याबद्दलचे बरेचसे मत बनविता येईल.

लाभाची बाजू याहून अवघड आहे. परदेशी शाळेत गेलेल्या शिक्षकाला तेथे नेमके काय दिसते? फिनलंडचेच उदाहरण घेऊ. मुले दाराशी बूट काढून मोज्यांवर वावरतात. दर तासानंतर पंधरा मिनिटांची सुटी होते आणि कडाक्याच्या थंडीतही मुले अंगणात जातात. दुपारचे जेवण सर्वांना फुकट मिळते. मूल सातव्या वर्षी पहिलीत जाते. पाहुणा हे सारे टिपून घेतो, छायाचित्रे काढतो आणि हरखून परत येतो. त्याला दिसत नाही ते असे की, या फुकट जेवणाचा कायदा १९४३ सालचा आहे आणि १९४८ पासून तो देशभर अमलात आला. त्या काळात तो देश युद्धाने पोळलेला होता व सोव्हिएत रशियाला युद्धाची भरपाई फेडत होता. सर्व मुलांना एकाच प्रकारच्या शाळेत घालणारी सुधारणा १९६८ च्या कायद्याने आली आणि ती उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत १९७० च्या दशकात पुरी झाली. प्राथमिक शिक्षकांचे शिक्षण विद्यापीठांकडे गेले व त्याला पदव्युत्तर पदवीची अट लागली तीही त्याच दशकात. शाळातपासणीची जुनी पद्धत १९९० नंतर मोडीत निघाली, कारण एवढे शिकलेल्या माणसाच्या पाठीशी तपासनीस उभा करण्याची गरज त्या समाजाला वाटेनाशी झाली. साऱ्या जिल्ह्याची मिळून पुण्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत चौऱ्याण्णव लाख भरली आणि आख्खा फिनलंड छप्पन्न लाखांच्या आसपास आहे, ही गोष्टही सोबत लक्षात ठेवावी.

आणखी एक गंमत अशी की, फिनलंडची कीर्ती आपल्या कचेऱ्यांपर्यंत पोहोचली तोवर त्या देशात चिंता सुरू झाली होती. पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय ‘पिसा’ चाचणीत फिनलंडचे गणिताचे सरासरी गुण २००६ साली ५४८ होते, ते २०२२ साली ४८४ वर आले. याचा अर्थ तेथील शाळा वाईट आहेत असा मुळीच नव्हे. पण २००६ साली जाणारा पाहुणा आणि २०२३ साली जाणारा पाहुणा दोघेही तेच मोजे आणि तेच जेवण पाहून येतात, यावरून डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवर किती विसंबावे हे कळते. दिसते ते विकत घेता येते. रंगीत बाके, गोल टेबले, भिंतीवरचे तक्ते यांच्या निविदा निघू शकतात. शिक्षकावरच्या विश्वासाची निविदा निघत नाही.

मग असे दौरे व्यर्थच म्हणावयाचे काय? माझे मत तसे नाही, आणि ते तसे नसण्याचे कारण माझी एक माजी विद्यार्थिनी आहे. ती जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. काही वर्षांपूर्वी सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या एका कार्यक्रमात तिला दोन आठवडे जपानमधील प्राथमिक शाळा पाहावयास मिळाल्या. तेथे मुले आपला वर्ग, जिना, स्वच्छतागृह स्वतः झाडतात व पुसतात. पाळीपाळीने डोक्याला पांढरी टोपी आणि अंगावर पांढरे वस्त्र चढवून सर्वांना जेवण वाढतात. आणि शिक्षक त्याच वर्गात तेच अन्न मुलांबरोबर खातात. हे आपल्याकडील पुष्कळांनी ऐकलेले असते. तिने मात्र एक वेगळी गोष्ट टिपली. तेथे झाडण्याचे काम शिक्षा म्हणून कोणाला दिले जात नाही आणि त्यातून कोणी सुटतही नाही.

परत आल्यावर तिच्याकडून खर्चाच्या पावत्या आणि दहा छायाचित्रे मागविण्यात आली. तू काय पाहिलेस, हे कोणी विचारले नाही. तिने आपल्यापुरते ठरविले आणि आरंभ खिचडीपासून केला. ती मुलांच्या पंगतीत बसून जेवू लागली. तोवर शाळेत शिजणारे अन्न हे मुलांचे आणि डबा हा शिक्षकांचा अशी वहिवाट होती. खिचडीची चव आठ दिवसांत सुधारली, असे ती हसत सांगते. खरी अडचण पुढे आली. वर्ग झाडण्याचे काम त्या शाळेत तीनचार ठरलेल्या मुलींकडे असे. त्या कोणत्या घरच्या, हे गावात कोणाला सांगावे लागत नव्हते. बाईंनी पाळ्यांचा तक्ता लावला, त्यात सर्व मुलगे घातले आणि सोमवारची पहिली पाळी स्वतःची लावली. दुसऱ्याच दिवशी गावातले एक वजनदार पालक शाळेत आले. “बाई, पोरगं शिकाया धाडलंय, केर काढाया न्हाई,” ते म्हणाले. “दादा, सोमवारी केर मीच काढते. सकाळी या आणि बघा,” असे तिने उत्तर दिले. ते आले नाहीत, पण त्यांचा मुलगा आठवडाभर शाळेतही आला नाही. असा तिढा तीन महिने चालला. पुढे पालकसभेत एका आजीबाईंनी उठून, घरी आपला नातू केर काढतो मग शाळेत काढला तर काय बिघडते, असे विचारले आणि विषय मिटला. वर्षभर तक्ता नीट चालला. नंतर उन्हाळ्यात बदल्यांची यादी लागली, तीत बाईंचे नाव होते. नव्या शिक्षकांना तक्त्याचे मर्म कोणी सांगितले नाही, त्यांनीही विचारले नाही आणि जून संपायच्या आत झाडू पुन्हा त्याच मुलींच्या हाती गेला.

या हकीकतीत खर्च आणि लाभ दोन्ही आहेत. दोन आठवड्यांच्या दौऱ्याने जे साधले ते दहा वर्षांच्या परिपत्रकांनी साधले नसते. पण ते टिकविण्याची कोणतीही व्यवस्था दौऱ्याच्या योजनेत नव्हती. जपानमध्ये झाडू हे निव्वळ शिस्तीचे साधन असेल. आपल्या गावात तो जातीचा आणि मुलगी असण्याचा प्रश्न आहे. तेव्हा दिसलेली रीत तिने जशीच्या तशी आणली असे म्हणता येणार नाही. तिने एक प्रश्न आणला आणि त्याचे उत्तर येथे शोधले. ते शोधण्याची मोकळीक तिला योगायोगाने एक वर्ष मिळाली, एवढेच.

पुण्याच्या शैक्षणिक इतिहासात या मोकळिकीचे महत्त्व पदोपदी दिसते. १८४८ च्या सुमारास जोतिराव फुले यांनी नगरला अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार चालवीत असलेल्या मुलींच्या शाळा पाहिल्या. आपल्या शैक्षणिक इतिहासातील सर्वांत फलदायी शाळाभेट कोणती असे विचारले तर मी हीच सांगेन, आणि तिचा खर्च पुणे-नगर प्रवासापलीकडे काही नसावा. शाळा परकीयांनी चालविलेली, पण पाहणाऱ्याचा प्रश्न स्वतःचा होता. त्याच वर्षी बुधवारातल्या भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. फुले यांनी मिशनऱ्यांचा धर्मोपदेश आणला नाही. मुलींनी शिकावे आणि त्यांना शिकविणारी स्त्री असावी एवढेच आणले. सावित्रीबाईंनीही नगरला फॅरारबाईंच्या हाताखाली अध्यापनाचे धडे घेतल्याचे चरित्रकार सांगतात.

धोंडो केशव कर्वे यांची गोष्ट तर अधिक मनोरंजक आहे, कारण तेथे क्रमच उलटा आहे. काशीच्या बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी टपालाने पाठविलेली, टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक लहानशी पुस्तिका १९१५ साली अण्णांच्या हाती आली. ते विद्यापीठ १९०१ साली निघालेले. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलताना अण्णांनी भारतासाठी तशा विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ साली ती हिंगण्याला प्रत्यक्षातही आणली. मातृभाषेतून उच्च शिक्षण हे त्याचे मोठे वैशिष्ट्य होते. स्त्रियांसाठी निराळा अभ्यासक्रम असावा काय, यावर तेव्हाही वाद झाला आणि माझ्या मते त्या वादात विरोधकांची बाजू अगदीच लंगडी नव्हती. पण मुद्दा तो नाही. ज्या संस्थेवरून हे सारे सुचले ती संस्था अण्णांनी डोळ्यांनी पाहिली चौदापंधरा वर्षांनंतर! मार्च १९२९ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, ते विलायतेला निघाले. इंग्लंडमध्ये माल्व्हर्नला प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेला गेले, जिनीव्हाच्या शिक्षण परिषदेत बोलले, ऑगस्टमध्ये डेन्मार्कमधील एल्सिनोर येथे नवशिक्षणवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय मेळाव्याला हजर राहिले, पुढे अमेरिकेत व्याख्याने देत फिरले आणि टोकियोचे महिला विद्यापीठ पाहून एप्रिल १९३० मध्ये परतले. म्हणजे हा मनुष्य तेरा महिने शाळा आणि परिषदा पाहत फिरला तो स्वतःची संस्था उभी करून झाल्यावर. जाताना त्यांच्याजवळ सांगण्यासारखे काही होते. परदेशातील सभांतून त्यांनी भारतातील स्त्रीशिक्षणाच्या प्रयोगाविषयी व्याख्याने दिली, हे आजच्या दौरेवाल्यांनी विशेष ध्यानात घ्यावे.

तिसरे उदाहरण ताराबाई मोडकांचे. माँटेसरी पद्धत इटलीतून आलेली, तिची साधने महागडी आणि मोजूनमापून केलेली. १९४५ साली बोर्डीला काम सुरू केल्यावर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी त्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, काटक्या आणल्या. पाड्यावरची मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे दिसताच शाळाच अंगणात नेली आणि गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली. पुढे १९७५ साली केंद्र सरकारच्या बालविकास योजनेने ‘अंगणवाडी’ हाच शब्द उचलला. विदेशी पद्धत पचविणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

परंतु या तिघांत एक गोष्ट समान आहे आणि ती आजच्या शिक्षकाजवळ नाही. फुले, कर्वे, ताराबाई हे कोणाच्या बदलीच्या यादीत नव्हते. त्यांना रजेचा अर्ज करावा लागत नव्हता. जे पाहिले ते दुसऱ्या दिवसापासून करून बघण्यास त्यांना समाजाचा विरोध होता, पण वरिष्ठांची परवानगी लागत नव्हती. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला आधी परवानगी लागते आणि मग समाजाचा विरोध असतो तो असतोच.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांचे प्रकरण वाचकांना स्मरत असेल. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. दहा लाख डॉलरच्या त्या पारितोषिकातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. राज्यभर सत्कार झाले. पुढे त्यांना अमेरिकेत जाण्यासाठी फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळाली आणि जानेवारी २०२२ मध्ये त्यांच्या रजेवरून वाद उभा राहिला. अखेर शिक्षणमंत्र्यांना लक्ष घालावे लागले. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी राजीनामा दिल्याची बातमी आली. त्यांच्या हजेरीबद्दल प्रशासनाने जे आक्षेप घेतले होते त्यांत पडण्याचे येथे कारण नाही. शाळेत शिक्षक हजर असावा ही अपेक्षा रास्तच आहे. मला खटकते ते निराळेच. ज्याचे नाव जगभर गाजले त्याची रजा मंत्र्यापर्यंत जाऊन सुटते, तर ज्याचे नाव केंद्रप्रमुखापलीकडे कोणाला माहीत नाही अशा शिक्षकाने काय करावे? १९८१ च्या रजा नियमांत अध्ययन रजेची तरतूद आहे. पण नियमात असलेली रजा आणि मागितल्यावर मिळणारी रजा यांतले अंतर नोकरदार वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

हे सारे व्यवस्थेच्या चौकटीत घडूच शकत नाही, असेही नाही. सातारा तालुक्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने चाळीसएक सरकारी शाळांनी आपली शिकविण्याची पद्धत बदलली, ती कोणताही परदेशदौरा न करता. तपासणाऱ्या अधिकाऱ्यानेच पाठीशी उभे राहावयाचे ठरविले की काय होते, हे तेथे दिसले. २०१५ साली शासनाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम काढल्यावर राज्यातील हजारो शिक्षक कुमठ्याच्या शाळा पाहून आले. एस.टी.च्या भाड्यात होणारा हा अभ्यासदौरा विमानाच्या दौऱ्याहून शतपटीने स्वस्त, तेव्हा नायब राज्यपालांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, असे कोणी म्हणेल. मलाही काही काळ तसेच वाटत होते. परंतु पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत काय दिसले? वर्गाच्या फरशीवर ऑइलपेंटने अंक, सापशिडी, गोल आणि त्रिकोण रंगविलेले. पाहुण्यांनी कुमठ्याला पाहिले त्यातले डोळ्यांना दिसणारे तेवढे उचलले आणि फरशी रंगविणे म्हणजेच ज्ञानरचनावाद अशी समजूत कित्येक ठिकाणी झाली. म्हणजे मोज्यांचा मोह हा तुर्कूला जाणाऱ्याला होतो तसाच कुमठ्याला जाणाऱ्यालाही होतो. अंतर कमी केल्याने खर्च कमी होतो, लाभ आपोआप वाढत नाही. तो वाढतो पाहणारा किती दिवस राहिला, कोणता प्रश्न घेऊन गेला आणि परतल्यावर त्याला किती मोकळीक मिळाली यांवर.

जपानी लोकांनी हे फार पूर्वी ओळखले होते. १८७१ च्या अखेरीस निघालेले त्यांचे इवाकुरा शिष्टमंडळ पावणेदोन वर्षे अमेरिका-युरोपात फिरले. तनाका फुजिमारो हे शिक्षणखात्याचे अधिकारी त्यात केवळ शाळा पाहण्यासाठी होते. पुढे जपानी प्राथमिक शिक्षकांनी एकमेकांचे वर्ग पाहण्याची जी रीत रुजविली, म्हणजे एकाने पाठ घ्यावा, बाकीच्यांनी मागे बसून पाहावा आणि नंतर त्यावर तासभर बोलावे, ती आज जगभर अभ्यासली जाते. आपल्याकडे केंद्रस्तरावर दरमहा शिक्षण परिषद भरते, तिचा मूळ हेतू याहून फार वेगळा नाही. प्रत्यक्षात तिचा बराचसा वेळ माहितीचे तक्ते भरण्यात आणि आलेल्या परिपत्रकांच्या वाचनात जातो, ही तक्रार मी अनेक शिक्षकांच्या तोंडून ऐकली आहे.

तेव्हा दौरे काढावयाचे असतील तर जरूर काढावेत, पण त्यांची अट बदलावी. दहा दिवसांत पाच शहरे दाखविण्याऐवजी एका शाळेत एक सत्रभर बसू द्यावे. एकाच केंद्रातील दोघांना सोबत धाडावे, म्हणजे परतल्यावर एकट्याने गावाशी भांडण्याची वेळ येणार नाही. अधिकाऱ्यांनी आपली नावे यादीतून काढावीत. त्यांना परदेश पाहावयाचा असेल तर त्यासाठी इतर खाती पुष्कळ आहेत. बदली शिक्षकाचा पगार दौऱ्याच्याच खर्चात धरावा. परतल्यावर अहवाल मागू नये, त्याऐवजी वर्षभर त्या शिक्षकाचा वर्ग केंद्रातील इतरांना पाहण्यास खुला ठेवावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, तीन वर्षे त्याची बदली करू नये. माझ्या विद्यार्थिनीला हे संरक्षण मिळाले असते तर तो पाळ्यांचा तक्ता त्या शाळेची रीत होऊन बसला असता आणि तिच्यामागून येणाऱ्याला तो मोडणे जड गेले असते.

देवाणघेवाण या शब्दातील दुसरा अर्धा भाग आपण नेहमी विसरतो, त्याविषयीही थोडे सांगावयाचे आहे. परदेशी शिक्षक येथे येऊन आमच्या वर्गात सत्रभर बसत नाहीत, कारण आमच्याकडे दाखविण्यासारखे काही आहे असे आम्हांलाच वाटत नाही. एकाच खोलीत चार इयत्तांना एका वेळी शिकविण्याचे कसब आपल्या वाडीवस्तीवरच्या शिक्षकांनी जे कमावले आहे ते फिनलंडच्या किती शिक्षकांजवळ असेल? ऊसतोडीहून मार्चमध्ये परतणाऱ्या मुलाला पुन्हा वर्गात बसते करणे, वडारी, पारधी किंवा कन्नड बोलणाऱ्या पोरांना मराठी पुस्तकाशी जोडून देणे हे आपल्याकडे रोज चालते. खेड तालुक्यातील जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ साली जगातील सर्वोत्तम शाळांसाठीच्या स्पर्धेत लोकपसंतीचे पारितोषिक मिळाले, तेव्हा आपल्याच जिल्ह्यातील ही शाळा पाहून यावी असे पुण्यातील किती अध्यापक विद्यालयांना वाटले?

सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान हे पुणे आणि जपानमधील ओकायामा यांच्या मैत्रीचे उद्यान आहे. ओकायामाच्या प्रसिद्ध बागेच्या धर्तीवर ते उभारले आहे आणि रविवारी तेथे चालावयास जागा नसते. त्याच मैत्रीच्या नावाने दरवर्षी चार प्राथमिक शिक्षक इकडून तिकडे आणि चार तिकडून इकडे, प्रत्येकी एका सत्रासाठी, असा करार दोन शहरांना करता येण्याजोगा आहे. महापालिकेच्या व जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकांच्या मानाने हा खर्च किरकोळ ठरेल. भोरच्या डोंगरात येणाऱ्या ओकायामाच्या शिक्षिकेची राहण्याची सोय कोठे करावयाची, एवढा प्रश्न मात्र आधी सोडवावा लागेल. कारण आपल्या स्वतःच्या शिक्षकांसाठी तेथे घरे बांधावीत हे आजवर आपल्याला सुचलेले नाही.